बिनलशीची बाटली

रविवारी दुपारी क्रांती लॅबवर गेली ती फक्त दोन बाटल्या तापवायला. तासाभराचं काम. गेटवर वॉचमन ज्ञानूमामा मोबाईलवर फुटबॉलची मॅच बघत बसले होते.

"आज बी काम, म्याडम? अवं, निम्मं कोल्हापूर स्टेडियमवर हाय, आन् तुमी हिकडं!"

"किल्ली द्या मामा. गोल झाला की ओरडा, वर ऐकू येईल."

"मी कशाला वरडू? सगळी पेठच वरडती की."

मे महिन्याच्या उन्हात कॉलेजची ती इमारत पांढरीफटक पडली होती. दुसऱ्या मजल्यावर मात्र गार होतं. स्पिरिटचा वास, फ्रीजची घरघर आणि गॅसच्या सिलिंडरची मधूनच एक बारीक फुस्स. बाकी सगळं सामसूम.

क्रांतीचा प्रबंध तापावर होता. जंतू शिरला की अंग तापतं, तेव्हा पेशी काय करतात? आधी थोडासा ताप सोसलेली पेशी पुढच्या मोठ्या तापात तगते. म्हणजे तापाचीच लस म्हणा ना! हे तिनं दोनदा दाखवलं होतं. तिसऱ्यांदा दाखवलं की उद्या सकाळी तिचे मार्गदर्शक सर तो निकाल घेऊन फेलोशिपच्या मुदतवाढीच्या बैठकीला जाणार होते. नाही जमलं, तर जूनमध्ये सगळं बंद. घरी वडील त्याचीच वाट बघत होते. पाव्हण्यांची यादीसुद्धा त्यांनी करून ठेवली होती.

गेल्या आठवड्यात बुरशीनं पेशींच्या बाकीच्या बाटल्या खाल्ल्या. उरल्या दोन. एकीवर मार्करनं लिहिलं होतं 'लस'; तिला काल एक्केचाळीस अंशांचा सौम्य ताप देऊन झाला होता. दुसरीवर 'बिनलस'. आज दोघींना पंचेचाळीस अंश, अर्धा तास. पहिली जगेल, दुसरी मरेल. झालं काम.

या पेशींमध्ये एक खुबी घातलेली होती. त्यांना त्रास झाला की निळ्या टॉर्चखाली त्या हिरव्या उजळायच्या. उजळायला चार तास लागायचे, विझायला अख्खी रात्र.

एरवी या कामात अक्काताई सोबत असायच्या. लॅबमध्ये तीस वर्षं काढलेली बाई, घराणं जैन. कुठलीही बाटली तापवायची किंवा मारायची असली की त्या आधी ती दोन्ही हातांत धरायच्या आणि पुटपुटायच्या, "आता चटका बसणार हाय, क्षमा करा." क्रांतीचं डोकं फिरायचं. शुक्रवारी ती स्पष्टच बोलली होती, "पेशींना कान नसतात, अक्काताई! आणि तुमच्या हाताच्या उबेनं माझं रीडिंग बिघडतं." अक्काताई "बरं बाई, तू शिकलेली," म्हणाल्या आणि हुपरीला, चांदी घडवणाऱ्या भाचीकडं निघून गेल्या.

बरंच झालं, असं क्रांतीला वाटलं होतं.

काळा पडदा ओढल्यावर मागची खोली भर दुपारी विहिरीसारखी अंधारी व्हायची. तिनं चष्मा चढवला, दोन्ही बाटल्यांवर टॉर्च मारला. काळ्याच. छान. मग टॉर्च तसाच रोखून ठेवत तिनं गरम पाण्याच्या टाकीचं बटण फिरवून पंचेचाळीसवर आणलं, आणि बाटली उचलायला वळली.

बिनलशीची बाटली हिरवीगार पेटली होती.

तिनं बटण मागं फिरवलं. हिरवं विझलं. पुन्हा पुढं. पुन्हा पेटलं. चार तासांचं काम एका श्वासात! शेजारची लसवाली मात्र शांत, काळी.

"आयला..." क्रांती पुटपुटली, आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. भीतीचा नव्हे, आनंदाचा! चटका बसायच्या आधीच पेशींना कळत होतं. जगात कुणी पाहिलं नसेल असं काहीतरी तिच्या समोर, दोन वितींवर, हिरवं होत होतं.

पण कदाचित तिच्या मनातलंच त्यांना कळत असेल. मग तिलाच आधी कळता कामा नये. तिनं वहीचं पान फाडून दहा चिठ्ठ्या केल्या. पाच 'ताप', पाच 'नाही'. चिठ्ठी उचलायची, न उघडता बाटली बघायची, टिपायचं, मग उघडायची. 'ताप' निघाला तर एक्केचाळीस अंशांत फक्त एक मिनिट.

पहिली चिठ्ठी. बाटली पेटली. उघडली तर 'ताप'. दुसरी, काळोख. 'नाही'. तिसरी, चौथी, पाचवी... एकदाही चूक नाही! दूर स्टेडियमवर गोल झाला, अख्खी पेठ ओरडली, आणि इकडं क्रांतीही ओरडली. हिरवं दर वेळी थोडं फिकं होत होतं, पण तिकडं कोण बघतंय! दहाव्या चिठ्ठीला तर 'ताप' निघाला आणि बाटली काळीच राहिली. एक मिनिट तिनं तोही दिला. दहात नऊ. नऊ!

तिनं अक्काताईंना फोन लावून स्पीकरवर टाकला. मागं चांदीच्या पैंजणांवर हातोड्या पडत होत्या, टिक् टिक् टिक्. क्रांतीनं धापा टाकत सगळं सांगितलं.

"चटका किती वेळा दिलास?" अक्काताईंनी विचारलं.

"पाच वेळा. पण अगदी थोडा हो."

"क्रांते..." पलीकडून आवाज आला, "म्हंजी तूच की तिला लस दिलीस. बिनलशीची एकच बाटली हुती गं."

क्रांतीनं 'ताप'च्या चिठ्ठ्या मोजल्या. पाच. कुठलाही शाळकरी पोरगा करणार नाही अशी चूक. तरी तिनं हट्टानं दोन्ही बाटल्या पंचेचाळीसमध्ये बुडवल्या. अर्धा तास टॉर्चच्या उजेडात भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभी राहिली. बाहेर काढून दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. दोन्हींतल्या पेशी जिवंत, टवटवीत. फरक शून्य. तीन वर्षं पाण्यात.

आणि तरीही तिला हसू फुटलं.

"जाऊ दे हो अक्काताई! सरांना काय सांगायचं ते सांगेन मी. पण हे बघा ना, यांना पुढचं कळतंय! आणि आता या मला घाबरतच नाहीत. आणखी सत्तर वेळा करून दाखवीन. तुमच्या वेळी का नव्हत्या हो पेटत?"

"मी आधी सांगायची त्यास्नी. सांगितल्यावर भ्या न्हाय ऱ्हात."

क्रांतीनं मान हलवली. टॉर्च बंद करून तिनं खिशात टाकला आणि दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या.

अंधारात त्या उजळल्या. दोन्ही. टॉर्चशिवाय.

"अक्काताई... परत पेटल्या."

"काय कराय निघालीस आता?"

"काहीच नाही. मी नुसती उभी आहे."

हातोड्या थांबल्या. अक्काताई उठून बाहेर आल्या असाव्यात. त्यांचा आवाज अगदी खाली गेला.

"मग... आता कुणाला भ्यायल्यात त्या?"

क्रांती वाकली. बाटल्या पुऱ्या उजळल्या नव्हत्या. फक्त एक कड पेटली होती, दाराकडची. टॉर्चखाली कधी दिसलं नव्हतं इतकं ते हिरवं दाट होतं. दोन्ही बाटल्यांची तीच कड. मधला भाग काळा.

स्टेडियमचा आवाज येत नव्हता. फ्रीजची घरघरही नाही. पडदा हलला नव्हता, कडी वाजली नव्हती.

मग हिरवं सरकलं. दाराकडून बेसिनच्या बाजूला, सावकाश, कुणीतरी भिंतीच्या कडेकडेनं चालावं तसं.

"क्रांते, बाहेर ये. हाय तशी ये..."

"थांबा ना," क्रांती कुजबुजली. तिच्या हातानं पेन शोधलंच. "एक मिनिट. हे कुणी पाहिलेलं नाही..."

पेटलेली कड बेसिनच्या बाजूनं फिरत फिरत तिच्या बाजूला आली आणि थांबली. हिरव्या उजेडात तिला स्वतःची बोटं दिसली, वही दिसली. मानेला गार काहीतरी लागलं. वारा म्हणावा तर खोलीला खिडकी नव्हती.

मला घाबरतायत की माझ्या मागच्याला? तपासायला सोपं होतं. क्रांतीनं एक पाऊल डावीकडं टाकलं. कड होती तिथंच राहिली, ती आत्तापर्यंत उभी होती त्या रिकाम्या जागेकडं तोंड करून.

तिनं मनात मोजलं. एक... दोन... तीन.

कड सरकली आणि पुन्हा तिच्या बाजूला आली.

"क्रांते? अगं बोल की काहीतरी..."

क्रांतीनं मागं वळून बघितलं नाही. वहीत लिहिलं, 'तीन सेकंद'. मग आणखी एक पाऊल टाकलं, आणि मोजलं.

दोन.