वॉर्डाबाहेरची ओळख

वेळा अमावस्येच्या शेतपूजेच्या, म्हणजे येळवशीच्या, दुसऱ्या दिवशी गुरुसिद्धप्पांनी मुरुमहून धाराशिवपर्यंतचा सगळा रस्ता पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचा डबा मांडीवर धरून काढला. एसटी खड्ड्यात आदळली की आधी डबा सावरायचे, मग स्वतःला.

"अप्पा, द्या ना माझ्याकडं," त्यांची मुलगी गायत्री म्हणाली.

"नको. तू पुस्तकात डोकं घालशील आन् डबा पाडशील."

आदल्या दिवशी शेतातल्या खोपीपुढं बसून, गायत्रीची आई गेल्यापासून पहिल्यांदाच, त्यांनी पोटभर आंबील प्यायली होती. आणि आज डॉक्टरांच्याही आधी त्यांना भेटायचं होतं रणधीरला. रणधीर म्हणजे जिल्ह्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात मनोरुग्णांच्या वॉर्डाचा सुरक्षा अधिकारी. उंच, सावळा, अणदूरचा.

तो दारातच उभा होता. अप्पांना बघून त्याचा चेहरा असा काही उजळला, की गायत्रीनं उगीचच ओढणी सारखी केली.

"ऊट आतेनु, अप्पा?" कानडीतलं त्याला एवढंच येत होतं — जेवण झालं का. सकाळचे नऊ असोत की दुपारचे चार, तो हेच विचारायचा.

"माझं झालं. तुझं आणलंय." अप्पांनी डबा त्याच्या हातात दिला. "आता मी एकटा आत जाणार. डॉक्टरला काय सांगायचं ते मला ठाव हाय. तुमी दोघं बसा."

आणि गेले. एकटे, काठी टेकत. पाच महिन्यांपूर्वी याच दारातून या माणसाला दोघांनी धरून आणलं होतं, हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं.

आई गेली तशी अप्पांची झोप गेली. मग जेवणात कुणीतरी विष कालवतंय असं त्यांना वाटायला लागलं. श्रावणातल्या एका सकाळी शेतातल्या खोपीत ते विळा घेऊन कोपऱ्यात बसले आणि गायत्रीलाही ओळखेनात. तिनं रुग्णवाहिका बोलावली ती शेतातच. मुरुममध्ये मात्र सांगितलं, अप्पांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला नेलंय.

वॉर्डाच्या दारात नियम होता, की दोरीसारखं काही आत न्यायचं नाही. पट्टा नाही, नाडी नाही, करदोडाही नाही. आत आलेल्याच्या जिवाला जपायचं, म्हणून. पण अप्पा लिंगायत; त्यांच्या गळ्यात दोऱ्याला इष्टलिंग होतं, आणि ते जिवंतपणी अंगावेगळं करायचं नसतं. दोन्ही मुठी छातीवर आवळून ते भिंतीला टेकले आणि लहान मुलासारखे ओरडायला लागले.

"तुम्ही जेलर आहात का?" गायत्री समोरच्या गणवेशावर तुटून पडली. "म्हाताऱ्या माणसाच्या गळ्याला हात घालता?"

"म्या हात न्हाय लावला, बाई," रणधीर म्हणाला. हात खरंच लावला नव्हता. त्यानं सोबतच्या दोघांना मागं सरायला सांगितलं, टोपी काढली, कमरेचा पट्टा सोडून टेबलावर ठेवला आणि अप्पांसमोर खाली फरशीवर मांडी घालून बसला.

"बघा अप्पा, माझाबी पट्टा काढला. दोरी न्यायची न्हाय, एवढाच नियम हाय. देव न्यायचा न्हाय असं कुठंच लिहिलेलं न्हाय."

नर्सबाईंकडून त्यानं सुईदोरा मागून घेतला. गायत्रीच्या पिशवीतली एक बंडी घेतली आणि तिला आतून, डाव्या छातीपाशी खिसा शिवायला लागला. टाके वाकडे, पण घट्ट. दोनदा सुई बोटात घुसली. तासाभरानं अप्पांची एक मूठ सैल झाली. लिंग दुसऱ्या मुठीत धरूनच त्यांनी बंडी बदलली, ते स्वतःच्या हातानं खिशात ठेवलं आणि दोरा काढून रणधीरपुढं केला. मग त्याच्या शेजारून चालत आत गेले. दंड कुणीच धरला नव्हता.

चार पावलं टाकली तोच रणधीरची पँट घसरली. त्यानं ती एका हातानं कशीबशी पकडली. गायत्री रडत होती... ती रडता रडता फस्सकन हसली.

"हसा, हसा," तो मागं न बघता म्हणाला. "पट्टा मिळंपतूर हसून घ्या."

अप्पा बावीस दिवस आत होते. गायत्री बाहेरच्या बाकावर पुस्तक उघडून बसायची. चौथ्या दिवशी रणधीर जाता जाता थबकला.

"बाई, एक इचारू? तीन दिस झाले, पान एकच हाय."

"तुम्ही माझ्यावरही पहारा ठेवता?"

"आतल्यांवर ठेवायचा पगार मिळतो," तो म्हणाला. "तुमचं फुकट."

त्या दिवशी तिनं पान उलटलं. वाचलं काहीच नाही.

आणि आता, येळवशीच्या दुसऱ्या दिवशी, दोघं त्याच बाकावर बसले होते. मधे डबा. व्हरांड्यात थंडीतलं कोवळं ऊन आडवं पडलं होतं, आणि त्याला फिनेलचा वास होता.

"भज्जी कुणी केली?"

"मी."

"लई तिखट हाय."

"मग द्या परत."

"तिखट हाय म्हणलं. नको कुठं म्हणलं?"

तिनं मान वळवून हसू लपवलं. तो मात्र झाकण लावायला उगीचच वेळ घेत होता.

"डॉक्टर आज गोळी कमी करणार म्हणत व्हते. आता तुमच्या चकरा कमी व्हणार."

"चांगलंच आहे ना."

"चांगलंच हाय..." त्यानं डबा बाजूला ठेवला. "इथून बरी होऊन गेलेली माणसं कधीमधी तुळजापूरच्या बाजारात दिसतात. मला बघितलं की मान फिरवतात. राग न्हाय येत. ओळख दिली की सोबतचे इचारणार, ही कुठली ओळख? म्हणून आता म्याच आधी रस्ता बदलतो."

"मी नाही फिरवणार मान."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. "मुरुमात काय सांगितलंय तुमी, बाई?"

उत्तर त्याला माहीत होतं. फोन केलात तर डोळ्याच्या दवाखान्यातून बोलतो म्हणा — हे तिनंच त्याला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. त्यानं 'का' असं एकदाही विचारलं नव्हतं.

काहीतरी बोलायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही... तेवढ्यात अप्पा बाहेर आले, चिठ्ठी हवेत नाचवत. "गोळी अर्धी केली! अर्धी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा उठले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं होतं. चेहऱ्यावर भीती नव्हती. गायत्री बराच वेळ त्या चेहऱ्याकडं बघत राहिली. ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंथरुणात, कुणावरही संशय न घेता गेले होते. एवढ्या दुःखातही तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते आभार. तिनं रणधीरला दोनच शब्द पाठवले. अप्पा गेले.

पाचव्या दिवशी तो आला. साधा पांढरा शर्ट, अंगावर गणवेशाची एक खूण नाही. ओसरीवर माणसं बसली होती. तो दारालगतच टेकला.

"कुठला रे बाबा तू?" शिवगंगाआत्यानं विचारलं. अप्पांची ही थोरली बहीण. तिच्या प्रश्नातून कुणी सुटत नसे.

रणधीरनं क्षणभर गायत्रीकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली. "सोलापूरला... डोळ्याच्या दवाखान्यात असतो म्या. अप्पांची तिथं वळख झाली."

"एवढ्या लांबून आला? लई माया लावली म्हणायची," शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या.

त्यानं मान डोलावली. बाजारात रस्ता बदलावा, इतक्या सहज त्यानं हेही केलं होतं. आता चहा घेईल, उठेल, जाईल. परत यायला त्याला कारण नाही, आणि तिला धाराशिवला जायलाही नाही.

"आत्या, हे खोटं बोलतायत," गायत्री म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला. "माझ्यासाठी. ते खोटं माझं आहे."

रणधीरनं हळूच मान हलवली. नको.

"अप्पांचे डोळे चांगले होते. मन आजारी होतं. धाराशिवच्या दवाखान्यात मनोरुग्णांच्या वॉर्डात ते बावीस दिवस होते, आणि हे तिथले सुरक्षा अधिकारी. अप्पांनी जिवाचं बरंवाईट करू नये म्हणून त्यांच्यावर नजर ठेवायचं काम यांचं. यांनी ठेवली. पण ती नजर अप्पांना कधी टोचली नाही. त्या दवाखान्यानं मला माझे वडील चार महिने परत दिले. मी मात्र त्याचं नावसुद्धा घेतलं नाही. मला लाज वाटली."

द्वारकाबाईंचा हात तोंडाशी गेला. रणधीर अर्धवट उठला. "म्या निघतो, बाई. उगं माझ्यापायी..."

"बस रे बाबा," आत्या डोळे पुसत म्हणाली. "बोलू दे तिला. जन्मल्यापासून बोलतीच कमी."

तो बसला.

"उपकार मानून झाले," गायत्री म्हणाली. "आता जे बोलते, ते उपकारातलं नाही. त्या बाकावर रोज बोलणार होते... अप्पांनाही सांगणार होते. राहून गेलं. मला तुम्ही आवडता, रणधीर. सगळ्यांसमोर सांगते — मला तुम्ही आवडता."