मागच्या खोलीला चकचकीत रंग

दोंडाईच्याच्या त्या घरात रंगकाम निघालं ते पुनमच्या हट्टापायी. सातवा महिना लागलेला, पहिलटकरीण, तरी बाई माहेरी जायला तयार नाही. बाळंतपण स्वतःच्या घरातच करायचं म्हणे! नासीरभाई पेंटर नमुने घेऊन आला. बैठकीला मंद चमक, स्वयंपाकघराला फोडणीचे डाग पुसता येतील असा चकचकीत, इथवर सगळं सुरळीत ठरलं. घोडं अडलं ते मागच्या खोलीपाशी.

"झोपायच्या खोलीला मॅटच बरा, भाभी," नासीरभाई म्हणाला. "चमक आली की भिंतीचा उंचवटा न् उंचवटा दिसतो."

"पोराचे हात लागतील, पुसायला नको? चकचकीतच लावा."

"मॅट लाव रे बाबा, पहिल्यासारखा," दारातून सासूबाई वच्छलाबाई म्हणाल्या. आवाज पार पडलेला. पण पुनम कसली ऐकते!

रंग वाळला. संध्याकाळचं तिरपं ऊन भिंतीवर आलं आणि पुनम भिंतीजवळ गेली. चकचकीत भिंतीवर हाताचे पंजे दिसत होते. तिनं बोट फिरवून पाहिलं. ठसे आत दबलेले नव्हते... बाहेर आले होते. कुणीतरी पलीकडून भिंत रेटावी तसे. पलीकडे तर उघडं परस होतं.

"आई... हे काय?"

वच्छलाबाई भिंतीपाशी आल्या. "सुलक्षणाचे थापे." सुलक्षणा म्हणजे पुनमच्या नवऱ्याची, कुंदनची, पहिली बायको. "नवरी होऊन आली तेव्हा हळदीकुंकवानं उमटवलेले. याच खोलीत गेली बिचारी, पोटातल्या जिवासकट. तू येणार म्हणून वर्षश्राद्धाचीही वाट न पाहता आम्ही ते रंगवून टाकले. नव्या नवरीच्या नजरेला नकोत, म्हणून." त्यांनी पुनमचा हात घट्ट धरला. "माझं ऐक, माय. माहेरी जा. हे बाळ तरी जगू दे..."

आता मात्र पुनमचा हट्ट कुठल्या कुठे पळाला. नासीरभाईनं भिंत विटांपर्यंत खरवडली, नवी पुट्टी भरली, वरून मॅट लावला. भिंत सपाट झाली. ऊन आलं, गेलं, काही दिसलं नाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

माहेरी निघायच्या दिवशी सकाळी कुंदन रिक्षा आणायला गेला. वच्छलाबाई सुनेच्या पोटाला तेल लावायला बसल्या. प्रवासात पोट ताणतं ना. खिडकीतून ऊन येत होतं, ताणलेली कातडी तेलानं तुकतुकत होती.

"हललं बघा!" डोळे मिटूनच पुनम हसली. किती दिवसांनी हसली होती पोरगी.

कातडीखालून एक तळवा वर आला. पाची बोटं फाकलेली. बाळाचा हात एवढा नसतो.

पोरीनं पाहू नये म्हणून वच्छलाबाईंनी झटकन आपला पंजा त्यावर ठेवला. बोटाला बोट लागलं, तळव्याला तळवा. मापाला माप जुळलं.

"आई, थांबलात का?" पुनमनं विचारलं.

वच्छलाबाईंना हात काढता येईना. आतल्या बोटांनी तो हळूच धरला होता.