बायजाबाईंचं आठवं पॅड

खोपटला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, इलेक्ट्रॉनिक तानपुरे दुरुस्त करते. नवीन गिऱ्हाईक आधी माझ्या खांद्यावरून आत डोकावतं आणि विचारतं, "भाऊ नाहीत का?" भाऊ नाहीत. बावीस वर्षं मीच आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून ही विनिता भोळी दिसते असं तुम्हाला वाटायला नको. यंत्र बिघडलं की त्याला काहीतरी कारण असतं, याच भरवशावर माझं घर चालतं.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात कोलशेतच्या प्रणितचा फोन आला. हळदींच्या कार्यक्रमांत ऑक्टोपॅड वाजवणारा पोरगा, माझं जुनं गिऱ्हाईक.

"ताई, पॅड बघायचंय. पण घरी यावं लागेल. आई ते घराबाहेर काढूनच देत नाय."

"का? दृष्ट लागते त्याला?"

"या ना ताई, प्लीज. रविवारी वर्षालीची हळद आहे."

वर्षाली त्याची बहीण. मी लॅपटॉप पिशवीत टाकला आणि दुपारची बस पकडली.

कोलशेत गावात शिरलं की घोडबंदर रोडचा गोंगाट हळूहळू मागे पडतो. टॉवरच्या सावल्या संपतात तिथे कोळ्यांची बुटकी घरं सुरू होतात. दुपारचे अडीच वाजले होते. उन्हात जवळा वाळत पडला होता आणि खाडीला ओहोटी असल्यामुळे चिखलाचा जड, खारट वास सगळीकडे भरून राहिला होता. गल्लीत कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. प्रणितच्या घरासमोर मांडवाचे बांबू उभे होते, कापड अजून चढायचं होतं.

ओटीवरच्या खाटेवर प्रणितचे आजोबा बसले होते, दामाजी. चौऱ्याऐंशी वर्षांचे, होडी सोडून वीस वर्षं झालेली, पण हात अजून वल्ह्यासारखे. मला बघून हसले. आतल्या खोलीत स्टँडवर ऑक्टोपॅड होतं आणि त्यावर धुतलेला पंचा अंथरला होता.

ऑक्टोपॅड म्हणजे आठ रबरी चौकोनांची पाटी. प्रत्येक चौकोनात हवा तो आवाज भरून ठेवायचा, मग काठी मारा नाहीतर बोट टेकवा, तो आवाज वाजतो. बहुतेक पोरं त्यात ढोल आणि संबळ भरतात. प्रणितनं त्यात आपल्या आजीचा गळा भरला होता.

त्याची आई, सरस्वतीताई, हळू आवाजात सांगत होत्या. त्यांच्या सासूबाई बायजाबाई गावच्या धवलारीण. हळदीला धवले गाणाऱ्या, देवांना आणि घरच्या पितरांना गाण्यातून आवतण देणाऱ्या. त्यांनी हाक मारल्याशिवाय गावात लग्न लागत नसे. त्या आजारी पडल्यावर प्रणितनं आठ गाणी रेकॉर्ड करून आठ पॅडांवर ठेवली. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. नातीच्या हळदीला त्यांचाच आवाज लागणार, हे आधीपासून ठरलेलं होतं.

"मग बिघाड काय आहे?" मी विचारलं.

सरस्वतीताईंनी प्रणितकडे पाहिलं. प्रणित म्हणाला, "आठव्या पॅडवर पितरांचं आवतण आहे, ताई. गेलेल्या माणसांची नावं. त्यात एक नाव जास्त येतंय. तेवढं डिलीट करायचंय."

एवढ्यासाठी मला उन्हातून आणलं, म्हणून मी जरा वैतागलेच. पंचा बाजूला केला आणि आठव्या पॅडवर बोट टेकवलं.

बायजाबाईंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. जाड, खोल, शेवटाला किंचित थरथरणारा. रखमाबाईला ये म्हणाल्या, मारुतीला ये म्हणाल्या, अशी सहा नावं झाली. सूर मिटला. मी बोट उचलणार, तेवढ्यात अगदी जवळून, गाणं नाही, नुसतं बोलणं आलं. दाराआडून घरच्या माणसाला हाक मारावी तसं.

"दामाजी..."

ओटीवर खाट करकरली. वर्षाली दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"रेकॉर्ड करताना बोलल्या असतील," मी म्हटलं.

सरस्वतीताईंनी मान हलवली. "नाय ओ ताई. नवऱ्याचं नाव आमच्या सासूनं जन्मात घेतलं नाय. एकदा एका हळदीत नवरदेवाचं नावच दामाजी होतं, तर रातभर गायली, पन त्याचं नाव नाय उच्चारलं. दुसरीला घ्यायला लावलं. आणि हे नाव आताच आलंय. तीन वरसं नव्हतं."

मी लॅपटॉप उघडून फाईल पाहिली. तारीख तीन वर्षांपूर्वीची, त्यानंतर कुणी हात लावल्याची खूण नाही. कुठे जोड नाही, खोलीचा आवाजही तोच, मागचा पंखासुद्धा तोच. प्रणितनं काही कारागिरी केली असेल म्हणून मी त्याच्याकडे रोखून बघितलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. एवढं नाटक त्या पोराला जमत नाही, हे मला माहीत आहे.

"कापून टाका," सरस्वतीताई म्हणाल्या. "आवतणात गेलेल्यांची नावं घेतात. जित्या माणसाचं नाय."

तेवढ्यात दामाजी भिंतीला हात लावत आत आले. ते घाबरलेले नव्हते, लाजल्यासारखे दिसत होते.

"साठ वरसांत तिनी माजा नाव नाय घेतला," ते म्हणाले. "आता घेतंय, त घेव दे गो. मना बोलावते ती."

"आजा, माझी हळद आहे रविवारी," वर्षाली म्हणाली आणि रडायलाच लागली.

म्हातारा तिच्याजवळ गेला. नातीच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळला.

"काप. पन टाकू नको. तुज्याजवल ठेव."

मी ते नाव कापलं. दोन सेकंदांचा तुकडा, माझ्या लॅपटॉपवर वेगळा ठेवला. उरलेलं गाणं परत पॅडवर चढवून तीनदा वाजवून दाखवलं. सहा नावं, मग शांतता. सरस्वतीताईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि मला कोळंबीचं कालवण खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. खरं सांगते, परतीच्या बसमध्ये मला माझ्या कामाचा अभिमानच वाटत होता.

हळद झाली, लग्न झालं, प्रणितनं लाडू आणून दिले. मी तो तुकडा विसरून गेले.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी सरस्वतीताई स्वतः दुकानात आल्या. बसा म्हटलं तरी बसेनात.

"बाबा चार महिने अंथरुणाला आहेत, ताई. पाठीला जखमा झाल्यात. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, त्याला पन महिना झाला. पोटात अन्न नाय. पन जीव जात नाय. दिवसभर एकच विचारतात, मना कवा बोलावल? रोज पॅड लावायला सांगतात. सहा नावं होतात, पुढं काय नाय. मग तोंड भिंतीकडं करतात." त्यांनी पदर तोंडाला लावला. "कापायला मी सांगितलं ना. ती बोलवत होती आणि मी तिचं तोंड दाबलं."

कापलं माझ्या हातांनी होतं. मी दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर निघाले.

दामाजींना मी ओळखलंच नाही. वल्ह्यासारखे हात वाळक्या काटक्या झाले होते. खोलीत डेटॉलचा आणि उदबत्तीचा वास होता, खिडकीतून सकाळचं स्वच्छ ऊन येत होतं. मी तुकडा आठव्या पॅडवर चढवला. वर्षाली सासरहून आली होती. तिनं पॅड त्यांच्या कुशीशी धरलं आणि त्यांचं बोट उचलून रबरावर ठेवलं.

काहीच वाजलं नाही. बोटात तेवढाही भार उरला नव्हता.

मी पॅडची सेन्सिटिव्हिटी वाढवत नेली, पार शेवटापर्यंत. एवढी की माशी बसली तरी पॅड वाजावं. "बाबा, आता लावा," मी म्हटलं. माझा हात पॅडच्या कडेवर होता.

त्यांनी बोट टेकवलं.

"दामाजी..."

त्यांनी डोळे उघडले. आमच्यातल्या कुणाकडेच पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं. नवी नवरी पहिल्यांदा नाव घेते तेव्हा पुरुष जसा खुलतो, तसा तो चेहरा खुलला.

"आयलू गो," ते म्हणाले.

तासाभरात सगळं आटोपलं. सरस्वतीताई माझ्या गळ्यात पडून रडल्या, मीही रडले. पण आत कुठेतरी हलकं वाटत होतं, ते कशाला लपवू?

निघताना त्या म्हणाल्या, "ताई, पॅडवरचं मी प्रणितला पुसायला सांगते. तुमच्याकडचंही पुसा."

दुसऱ्या दिवशी दुकानात मी तेच करायला बसले. फाईल शोधली आणि माझा हात थांबला. दोन सेकंदांचा तुकडा मी स्वतः मोजून कापला होता. आता तिथे सात सेकंद दिसत होते.

भर दुपारी, रस्त्यावर एसट्यांचे हॉर्न वाजत असताना मी हेडफोन लावले. "दामाजी" झालं. मग पंख्याचा आवाज. मग बायजाबाईंनी श्वास घेतला. गाणारी बाई पुढची ओळ घेण्याआधी घेते तसा, खोल.

मी तिथेच बंद केलं.

पुढे काय आहे ते ऐकलेलं नाही, पण पाहिलंय. स्क्रीनवर आवाजाचे उंचवटे दिसतात, इतक्या वर्षांत ते मला वाचता येतात. पुढे एक नाव आहे. तीन अक्षरांचं असावं. प्रणितचं असेल, वर्षालीचं असेल. पॅडला हात लावून उभी होते ती मी, विनिता, माझंही असेल.

वाजवायचा धीर होत नाही. आणि पुसताही येत नाही. पुसलं, आणि ते जे कोणी असेल ते दामाजींसारखं अडकून पडलं, तर त्याची सुटका कोण करणार?

सरस्वतीताईंचा दर महिन्याला फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की त्या विचारतात, "ताई, पुसलंत ना?"

मी हो म्हणते.