नदीकडची खिडकी

"मामा, नदीपलीकडे खोली बघितलीय. पडद्यांचं कापड काढून ठेवा," असा भाच्याचा दुपारी फोन आला होता. नवराबायको आली ती मात्र मी शटर अर्धं ओढल्यावर. बसा म्हटलं, चहा मागवला, आणि सूनबाईला विचारलं, "खिडक्या किती?"

"तीन. पण पडदे दोनच खिडक्यांना. नदीकडची उघडीच ठेवणार. अख्खं शहर दिसतं तिथून. त्या खिडकीसाठीच तर ती खोली पसंत केली."

मी उचललेला तागा खाली ठेवला.

"मग कापड दाखवायच्या आधी एक सांगतो. ऐका, आणि पुढचं तुमचं तुम्ही ठरवा."

"झालं," भाचा बायकोकडे बघून म्हणाला. "मामा भाव वाढवायच्या आधी एक गोष्ट सांगतात."

"ती दिवसा. शटर पडल्यावर मी खरंच बोलतो," म्हटलं, आणि सांगायला लागलो.

माझ्याकडे पडदे बसवायला एक कारागीर आहे. सगळे त्याला इंचभाऊ म्हणतात. गळ्यात टेप असल्याशिवाय तो घराबाहेर पडत नाही. मुलगी बघायला गेला तेव्हाही टेप गळ्यात होती. सासऱ्याला लांबून वाटलं, डॉक्टर आला. जगातल्या कुठल्याही वस्तूसमोर उभा केलात तरी तो आधी तिचं माप घेणार.

हा इंचभाऊ आपल्या याच दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत राहायचा. बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मुलगी अंगाने एवढीशी, म्हणून तिला टिचकी म्हणायचे. दर महिन्याच्या एक तारखेला टिचकी दाराच्या चौकटीला पाठ लावून, टाचा टेकवून उभी राहायची. बाप शिंप्याच्या निळ्या खडूने तिच्या डोक्यावर रेघ मारायचा. मग ती विचारायची, "वाढले?" आणि तो म्हणायचा, "वाढलीस." न वाढून सांगते कोणाला.

मुलगी मोठी होणार, खोली तेवढीच राहणार. शहरात दुसरं घर परवडेना. तेव्हा त्याने नदीपलीकडे घरं बघायला सुरुवात केली. टेप घेऊनच. एका घराचं स्वयंपाकघर चार बोटं कमी, दुसऱ्याचा जिना अरुंद, असं करत करत शेवटी नदीकाठच्या ओळीतलं एक घर निवडलं. अगदी आपल्या समोर. नदी इथे फार रुंद नाही. पलीकडून हाक ऐकू येणार नाही, पण गच्चीवर वाळत घातलेली चादर कुणाची ते ओळखता येतं. त्याच्या नव्या खिडकीतून त्याची जुनी खिडकी सरळ दिसायची.

मी त्याला एक गोष्ट बोललो होतो. त्या ओळीला मी वर्षानुवर्षं पडदे विकतोय. बाकीच्या खिडक्यांना लोक पातळ, फुलाफुलांचं कापड नेतात. नदीकडच्या खिडकीला मात्र दुकानातलं सगळ्यात जाड, वर त्याला दुहेरी अस्तर. एका म्हातारीला मी एकदा विचारलं, "आजी, एवढा देखावा, आणि झाकून टाकता?" ती म्हणाली, "तुम्ही कापड मोजा."

इंचभाऊ हसला. "शेठ, लोकांना किंमत नसते. मी ती खिडकी उघडी ठेवणार."

डिसेंबरच्या एक तारखेलाच त्यांनी घर हलवलं. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. टिचकी जाऊन चौकटीला टेकून उभी राहिली. "बाबा, माप."

"तिकडे गेल्यावर घेऊ."

ती तशीच उभी. शेवटी आईने दंडाला धरून ओढून नेली. इंचभाऊने जाताना होल्डरमधला बल्बसुद्धा काढून नेला. कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे दिली. ती या ड्रॉवरमध्ये आहे.

त्याच डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे साडेअकरा. त्याचा फोन आला.

"शेठ, वरची खोली कुणाला दिलीत?"

"कुणालाच नाही. का रे?"

"मग दिवा कसा लागलाय?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "टिचकी झोपत नाही हो. रोज रात्री खिडकीत उभी राहून तिकडे हात करते. म्हणते, ती मला बोलावतेय. काल मध्यरात्री दाराची कडी काढून जिन्यापर्यंत गेली होती."

मी मागच्या अंगणात जाऊन वर पाहिलं. खिडकी काळीकुट्ट. तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "येतो."

पूल ओलांडून स्कूटरवर आला. किल्ली घेतली. माझे गुडघे हे असे, म्हणून मी जिन्याच्या तळाशी थांबलो. त्याने बायकोला फोन लावून स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे मला वरचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

कुलूप उघडलं. दार करकरलं.

"अंधार आहे," तो म्हणाला. "खोली रिकामी आहे. काही नाही इथे."

"अहो, दिवा चालू आहे," बायको पलीकडून म्हणाली. "तुम्ही दिसताय मला."

"बल्बच नाहीये इथे."

"दिसताय तुम्ही… आत आलात… अहो, शेजारी कोण आहे?"

"कुणी नाही."

"टिचकी आहे."

"टिचकी कुठाय?"

"इथे. माझ्याजवळ. मी हात धरलाय तिचा."

…

"ती तुमच्याकडे बघतेय… आता चालायला लागली… चौकटीपाशी गेली. पाठ लावून उभी राहिली."

मग फोनमध्ये टिचकीचा आवाज आला. आपल्या टिचकीचा. "बाबा, तिचं माप घ्या ना. मग ती मला नाही बोलावणार."

इंचभाऊने खिशातून खडू काढला. नंतर मला म्हणाला, हात आपोआप गेला. जन्मभराची सवय.

"कुठे?" त्याने विचारलं.

"थोडं वर," बायको म्हणाली. ती रडत होती. "जरा खाली… हां. तिथे."

त्याच्या तळव्याखाली काही नव्हतं. फक्त गार होतं. त्याने रेघ मारली.

"वाढले?"

मी जिन्यात ऐकलं. फोनमधून आलं, की खोलीतून… मला नाही सांगता येणार.

आणि तो म्हणाला, "वाढलीस."

…

"दिवा गेला," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याकडून सगळ्यात जाड कापड नेलं, अस्तरासकट. टिचकी खिडकीशी जायची थांबली. शांत झोपू लागली. आम्ही म्हटलं, सुटलो. एक तारखेला त्याने नव्या चौकटीला तिचं माप घेतलं. पुढच्या महिन्यात घेतलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. रेघेवर रेघ. डॉक्टर म्हणतात हाडं चांगली, रक्त चांगलं, काही मुलं उशिरा वाढतात. याला दोन वर्षं झाली. वर्गातल्या मुली तिच्याहून डोकंभर उंच झाल्या. तिला अजून तेच बूट होतात.

मध्ये एकदा इंचभाऊ इथे, तू बसलायस तिथेच बसला होता. टेप गळ्यात नव्हती. म्हणाला, "शेठ, मी माप भलतीचंच घेतलं."

माझं सांगून झालं. सूनबाईने कोपऱ्यातला जाड कापडाचा तागा हळूच स्वतःकडे ओढला.

"मामा, ती वरची खोली… मग कुणाला दिलीत?" भाच्याने विचारलं.

"कुणालाही नाही. कुलूप आहे. छत गळतंय का बघायला परवा कसाबसा जिना चढून उघडली, तेवढीच."

"आणि?"

"चौकटीवर त्याने मारलेली शेवटची रेघ आहे. तिच्या वर आणखी रेघा आहेत. निळ्याच. चढत गेल्यात, सगळ्यात वरची माझ्या छातीशी आली. जुना खडू बोटाला लागत नाही, म्हणून वरच्या रेघेवरून बोट फिरवून बघितलं."

"मग?"

मी बोट दिव्याखाली धरलं. धुऊनही नखाच्या कडेला निळं राहिलं होतं.