जाऊन ये

साल २००७ की ०८, आता खात्रीने सांगवत नाही. माझ्या आठवणीवर माझाच भरवसा उरलेला नाही. पण रात्र फुलचूरच्या मंडईची, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेची होती, एवढं पक्कं. ज्याच्यावर बेतलं तो राजदीप माझा विद्यार्थी. हसू नका रे, ऐका.

गोवर्धनच्या फोटो स्टुडिओत दोन कॉम्प्युटर होते. एक खाली दुकानात, एक माडीवर. मधली तार वायरमनने भिंतीतून टाकून ठेवली होती. माडीवरचे फोटो खालच्या फोल्डरमध्ये यावेत, एवढी सोय करायला राजदीप गेला. त्या फोल्डरात कोणाकोणाला शिरू द्यायचं, ती नावं भरायची होती.

"नावं कायले भरून राहिला गा? सगळ्याईले परवानगी देऊन टाक," गोवर्धन म्हणाला. "मी मंडईतला दंडारीचा खेळ पाहून येतो. बाहेरून कुलूप लावतो, चोरट्याईचा भरोसा नाही. अन् जिन्यावरून कोणी 'येऊ का' म्हणलं, तर 'या' म्हणू नको."

"कोण म्हणते?"

"आमचे बाबूजी. सोताच्या दुकानातही विचारूनच पाय टाकत. मरून वरीस झालं, सवय काही गेली नाही."

तो हसला. शटर पडलं.

राजदीपने यादीत 'एव्हरीवन' निवडलं. म्हणजे सगळे. चौकटीत खूण केली, 'ओके' दाबलं.

जिन्यावरून आवाज आला.

"येऊ का?"

राजदीप तोंड दाबून बसला. मग ध्यानात आलं... उत्तर तर देऊन झालं होतं.

माडीवरचा कॉम्प्युटर बंद होता. तरी फोल्डरात फाइल उतरली. आणखी एक. तो खूण काढायला गेला. पडद्यावर इंग्रजीत आलं, तुम्हाला परवानगी नाही.

शटर हलेना. हाका मारल्या. अख्खं गाव दंडारीत. ढोलकी वाजत होती...

मागे खुर्ची करकरली. तो नुकताच उठला होता तीच.

त्याने वळून पाहिलं नाही. शटरला कपाळ टेकलं.

"बाबूजी..."

...

"जाऊ का?" राजदीपनेच विचारलं.

ढोलकी थांबली. कानाशी कोणीतरी म्हणालं, अगदी मायेनं,

"जाऊन ये."

गोवर्धन परतला तेव्हा राजदीप बाहेर पायरीवर बसला होता. कुलूप होतं तसंच लागलेलं. किल्ली गोवर्धनच्या खिशात.

पुढे कित्येक वर्षांनी ती माडी पाडली. राजदीपला म्हटलं, चल, पाहून येऊ. "नाही सर," तो म्हणाला, "माझं परत जाणं अजून बाकी आहे." मी एकटाच गेलो. जिन्याखालची भिंत फोडलेली होती. तार तिथंच संपली होती. माडीपर्यंत ती कधी पोचलीच नव्हती.