वाफा भरला गं

वीज येईपर्यंत सांगते. कंदील जरा इकडे सरकव.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात मी कर्जतला गेले ती साध्याच कामाला. एका संस्थेनं मोटेवर म्हणायची गाणी म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून टेप करून कॉम्प्युटरवर चढवली होती. गावाबाहेरच्या जुन्या गोदामात एकमेकांना जोडलेली तीन मशीनं, नगरच्या कचेरीत तशीच तीन. इथं आग लागली, पाणी शिरलं, तरी गाणी राहावीत म्हणून कर्जतच्या प्रत्येक फायलीची नक्कल टेलिफोनच्या तारेवरून नगरला आपोआप व्हायला हवी होती. ती जोडणी माझ्याकडे. नगरच्या टोकाला माझा सहकारी रविराज.

तार संथ. एकेक गाणं पाझरल्यासारखं जायचं. गोदामात जुन्या ज्वारीचा वास, बाहेर रखरखीत ऊन, आणि मी पंख्याखाली बसून.

बाजारच्या दिवशी रंगुबाई यायच्या. त्यांचे यजमान भिमाजी आपलं गाणं टेप करून दिल्यावर थोड्याच दिवसांत वारले होते.

"आमच्या मान्साचं लावा की, बाई."

मी लावायची. पदर तोंडाशी धरून त्या ऐकायच्या. गाणं संपायचं, भिमाजी खोकायचे, खट्‌ करून टेप बंद.

"येवढंच व्हय?" दर वेळी हाच प्रश्न.

एक दिवस रविराजचा फोन आला. "अश्विनी, भिमाजींची फाईल इकडे मोठी आलीय."

"नक्कल मुळापेक्षा मोठी कशी होईल? पुसून टाक, मी परत पाठवते."

परत पाठवली. तीही मोठी. दुसऱ्या दिवशी आणखी मोठी.

"तू ऐकलीस का?" मी फोनवर विचारलं.

"तू ये. मी एकटा पुन्हा नाही ऐकणार..."

भर दुपारी नगरला पोचले. रविराजनं खिडक्या लावून घेतल्या होत्या. गाणं झालं, खोकला झाला. खट्‌ मात्र झालंच नाही. चाक करकरलं. मोटेचं पाणी धबाधबा कोसळलं, आणि त्या कोंदट खोलीत ओल्या मातीचा वास आला. मग भिमाजींचा आवाज, गाण्यातला नव्हे, हाक मारल्यासारखा.

"रंगे... वाफा भरला गं... दारं मोड..."

मग शांतता. कुणीतरी कान देऊन थांबल्यासारखी. पुन्हा तीच हाक. रोज फाईल वाढत होती ती या हाकांनी.

"पुसून टाकू," रविराज म्हणाला. "तारेत दोष असणार."

"दोषाला त्यांच्या बायकोचं नाव कसं ठाऊक?"

मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण ती हाक आमच्यासाठी नव्हती. ज्या बाईसाठी होती तिला न विचारता ती पुसायची कशी?

कर्जतला परतले आणि रंगुबाईंच्या घरी जाऊन अडखळत सगळं सांगितलं. "घाबरू नका हं," असंही म्हणाले.

"घाबरायचं कशापायी? मानूस माझंच हाय न्हवं?" म्हणत त्यांनी चपला घातल्या.

एसटीनं नगरला आलो. रविराजनं फाईल लावली आणि दाराशी जाऊन उभा राहिला. चाक करकरलं. हाक आली. रंगुबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण चेहरा हसरा.

"असंच वरडायचे. वाफा भरला की दारं मोडून पानी फुडच्या वाफ्यात सोडायचं माझं काम. मी पार पाटाच्या टोकाला, मला काय ऐकू येतंय? पर ओ दिली न्हाई की यांचा जीव खालीवर."

पुन्हा हाक आली. आता जरा थकलेली. रंगुबाई स्पीकरकडे वाकल्या आणि शिवारातून द्यावी तशी खणखणीत ओ दिली,

"मोडलं वं! आता सोडा बैलं, लई दमल्यात!"

चाक थांबलं.

त्या स्पीकरमधून भिमाजी हळूच हसले. बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब लांब जात विरला. रंगुबाईंनी डोळे पुसले आणि झोपलेल्या माणसाला थोपटावं तसं त्या मशीनला थोपटलं.

"निजू द्या आता."

त्यांना घेऊन मी कर्जतला परतले. दुसऱ्या दिवशी दुपारी रविराजचा फोन आला. फाईल वाढायची थांबली होती. मला हायसं वाटलं. पण तो फोन ठेवेना.

"अजून एक फाईल आलीय... तुझ्याकडूनच."

मी तिन्ही मशीनं धुंडाळली. त्यानं सांगितलेल्या नावाची फाईल माझ्याकडे नव्हतीच.

"थोडी ऐकली," तो म्हणाला. "बाईमाणूस आहे. भाकरी थापल्याचा आवाज येतोय... तुला 'अशुले' कोण म्हणायचं गं?"

ते नाव फक्त आईच्या तोंडी होतं. ती गेली तेव्हा मी शाळेत होते, आणि ते मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

"काय... काय म्हणतेय ती?"

"जेवायला बोलावतेय." रविराजचा आवाज बारीक झाला. "आणि अश्विनी... सकाळपेक्षा तिचा आवाज जवळून येतोय."