उतरवून घेणारा

नागपूरची मे महिन्यातली दुपार ज्यानं पाहिली नाही, त्याला वाटतं भुतं फक्त अंधारात निघतात. आमच्याकडे बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. दारं बंद, खिडक्यांना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या टट्ट्या आणि बाहेर लू, अंग भाजणारा वारा. अशा वेळी रस्त्यात माणूस दिसला तर आधी त्याचे पाय पाहावे, अशी आमच्या बस्तीत थट्टा चालायची. मीही हसायचो.

सन शहात्तरची गोष्ट सांगतो. मी कोराडीच्या वीज केंद्रात वेल्डर होतो. त्या दिवशी सुट्टी होती. माय म्हणाली, "अनंता, खिडकीची टट्टी पार सडून गेली. इतवारीतून खस घेऊन ये बाबू." मी खस घेतली, भारा भिजवून डोक्यावर ठेवला आणि परत निघालो. ऊन असं होतं की लांबच्या रस्त्यानं जाववेना. म्हणून दोन वर्षांत पहिल्यांदा बस्तीमागच्या मैदानातून निघालो. ते मैदान मी का टाळत होतो, ते आधी सांगायला हवं.

त्या काळी सायकलचे खेळ होत. एखादा गडी मैदानात सायकलवर चढायचा आणि सात दिवस उतरायचा नाही. जेवण, अंघोळ, दाढी, सगळं चालत्या सायकलवर. जमिनीला पाय लागला की खेळ संपला. माझा धाकटा भाऊ चंद्रभान यात पटाईत होता. मला हौस सुचली. एका जुन्या कॅलेंडरवर मी उंच चाकाच्या सायकलवर बसलेला गोरा साहेब पाहिला होता. तशीच गाडी मी बनवली. बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे त्यावरचा लोखंडी पट्टा, कापून, पुन्हा जोडून पुढचं चाक केलं, माझ्या छातीपर्यंत येईल एवढं. मागे बोटभर जाडीचं चिमुकलं चाक. जोडावर वेल्डिंगचा उंचवटा राहिला होता, तो प्रत्येक फेरीला जमिनीवर टक् करायचा. मी घासून काढणार होतो, राहून गेलं.

पहिल्यांदा मीच चालवून पाहिली. वर बसलं की लोकांच्या घराची कौलं दिसतात, भिंतीपलीकडे वाळत घातलेले पापड दिसतात, माणसांच्या डोक्यातले भांग दिसतात. मजा वाटते आणि भीतीही. कारण तिला ब्रेक नाही, पायडल चाकालाच जोडलेलं. चाक फिरतं तोवर पाय फिरलेच पाहिजेत. आणि दमलेल्या माणसाला आपलं आपण उतरता येत नाही. खाली कोणीतरी दोन्ही हातांनी चाक धरावं लागतं. बस्तीमागच्या त्याच मैदानात चंद्रभान या गाडीवर सात दिवसांसाठी चढला आणि त्याला उतरवून घेणारा मी होतो.

पाचव्या दिवशी भर दुपारी तो माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "दादा, उतरव गा मले. डोये फिरून राहिले."

सावलीला माणसं बसली होती. खेळ भरवणारे नानाजी भोंग्यावरून ओरडत होते, अनंत मिस्त्रीनं बनवलेली गाडी, अख्ख्या नागपुरात असी गाडी नाही! मला ते ऐकायला गोड लागत होतं. खोटं कशाला बोलू? मी म्हणालो, "आता दोनच दिवस राह्यले ना बे. लोकं हसतीन. माह्या नावाले बट्टा लागन."

तो पायडल मारत पुढे गेला. मोठ्या भावाचं ऐकायची त्याला सवय होती.

अर्ध्या तासानं चाक खड्ड्यात अडलं. उंच चाकावरचा माणूस बाजूला पडत नाही, हँडलवरून डोक्यावर आपटतो. आम्ही त्याला तसंच उचलून रिक्षात घातलं, पण दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला. मी मायला सांगितलं, चक्कर आली आणि पडला. त्यानं मला हाक दिली होती हे मी कोणालाच सांगितलं नाही. गाडीचे मी गॅस कटरनं तुकडे केले आणि भंगारात दिले.

तर त्या दुपारी मी मैदानाच्या मध्यावर आलो आणि ऐकलं.

टक्.

थोड्या वेळानं पुन्हा, टक्. माझ्या हातचं वेल्डिंग मी ओळखणार नाही? लू अचानक पडली. डोक्यावरच्या खसचा ओला वास गेला आणि तापल्या लोखंडाचा वास आला. धुळीत रेघ उमटत होती, एक जाड आणि तिच्यामागे एक बारीक. ती माझ्याभोवती गोल फिरत होती. रेघेवर काहीच नव्हतं.

"चंद्रभान..." मी वर पाहिलं. "चंद्रभान, उतर... मी धरतो..."

आवाज वरून आला, दमलेला. "लोकं पाहून राहिले गा दादा..."

"कोणी नाही रे इथं! उतरून जाय!"

"नाही... तुह्या नावाले बट्टा लागन..."

भारा फेकून मी दोन्ही हात वर करून त्या रेघेबरोबर धावलो. लहान लेकरासारखा रडत होतो. हातांना काही लागलं नाही. रेघ मैदानाबाहेर निघाली, रस्त्याला लागली आणि आमच्या घराकडे वळली.

घरी पोचलो तर मायनं अंगण गार व्हावं म्हणून पाणी शिंपडलेलं. त्या ओल्या मातीत दोन्ही रेघा दारापर्यंत आल्या होत्या. माय उंबऱ्यावर बसली होती. शेजारचं कोणी येऊन गेल्यासारखं ती म्हणाली, "चंद्रभान आला होता."

मी खांबाला धरलं.

"वरूनच बोलला. मी म्हटलं, उतर बाबू, मी धरीन तुले. तर म्हणे, दादा नाही म्हणते." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू नाही काहून म्हटलं गा, अनंता?"

मी तिच्या पायांशी बसलो आणि सगळं सांगितलं. ती उठून आत गेली. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर माय अकरा वर्षं जगली. तो प्रश्न तिनं पुन्हा काढला नाही. पण रोज दुपारी ती एक ताट जास्त वाढायची. ते जमिनीवर ठेवत नसे. स्टुलावर चढून दारावरच्या उंच फळीवर ठेवायची. संध्याकाळी ते ताट मी खाली काढायचो.

त्यात कधीच काही उरलेलं नसे.